मोगरा आधणात टाकू नका

फुलांचा चहा म्हणलं की आपल्याकडे पद्धत ठरलेली आहे. आधण ठेवायचं, त्यात पत्ती, साखर, आणि अद्रक किसून टाकतो तशीच मूठभर फुलं टाकायची आणि दोन-चार उकळ्या येऊ द्यायच्या. मग घरभर असा वास सुटतो की हॉलमध्ये बसलेला पाहुणा पण म्हणतो, वा, आज काय खास! आणि कप तोंडाला लावला की काहीच नाही. नुसता चहा, आणि तोही जरा तुरट. फुलं गेली कुठे? तर ती पाहुण्याच्या नाकात गेली. घरभर वास सुटला म्हणजे तेवढा वास भगुन्यातून बाहेर पडला, इतकं साधं गणित आहे, पण चहा हा आपण लहानपणापासून उकळतच आलोय त्यामुळे हे सहजासहजी डोक्यात शिरत नाही.

कन्नौजला अत्तर करतात ते नेमकं ह्याच गोष्टीवर. तांब्याच्या मोठ्या देगेत फुलं आणि पाणी घालून खालून जाळ लावतात, वाफ वासाला घेऊन बांबूच्या नळीतून शेजारच्या भपक्यात, म्हणजे वास गोळा करायच्या भांड्यात जाते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात तो वास धरला जातो. म्हणजे वाफेबरोबर वास उडून जातो हे त्या लोकांना कित्येक पिढ्यांपासून माहिती आहे आणि ते त्याचा धंदा करतात. आपण तेच करतो, फक्त नळी नाही, भपका नाही, झाकण पण नाही. सगळं अत्तर एक्झॉस्ट फॅनला.

आणि गंमत म्हणजे उलटी पद्धत आपल्याच घरात आहे. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी आणि रात्री चार मोगऱ्याची फुलं, हे आमच्या लातूरकडे अजून कितीतरी घरात करतात. सकाळी ते पाणी प्यायलं की घशातून मोगरा उतरतो. तिथं कुणी फुलं उकळत नाही. गार पाणी, रात्रभर वेळ, बास. मग चहा म्हणलं की आपली अक्कल एकदम गॅसच्या शेगडीकडेच का पळते कुणास ठाऊक.

मोगरा हे आमच्याकडचं उन्हाळ्याचं फूल आहे. बाकी सगळं वाळून जात असतं, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत दुपारी रस्त्यावर कुत्रं सुद्धा दिसत नाही आणि ह्या पठ्ठ्याला तेव्हाच बहर. फक्त पाणी पाहिजे, आणि पाणी म्हणलं की लातूरकराला २०१६ आठवल्याशिवाय रहात नाही. मांजरा धरण कोरडं पडलेलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी, आणि टीव्हीवाले ते स्टेशनवर असं दाखवत होते जसं काही पंतप्रधान उतरलेत. त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीतले गुलाब गेले, शेवंती गेली, तुळशी पण कुणाकुणाच्या गेल्या, पण मोगऱ्याच्या कुंड्या बऱ्याच जणींनी जगवल्या, तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, पोरांच्या बाटलीत उरलेलं पाणी, सगळं त्याच्यात. तेव्हापासूनची सवय आहे, आमच्या घरात भाजीचं पाणी मोरीत ओतलं तर अजून कुणीतरी ओरडतंच. म्हणून बाजारातल्या गजऱ्याची फुलं चहाला घेऊ नका असं मी सांगते त्याला दोन कारणं आहेत, एक तर त्याच्यावर काय फवारलंय ते विकणाऱ्या मावशीला पण माहिती नसतं, आणि दुसरं म्हणजे कुंडीतल्या फुलाला तुम्ही काय पाजलंय ते तुम्हाला पक्कं माहिती असतं.

आता खरी मजा. ते चिनी जास्मिन टी म्हणून जे महागडे डबे मिळतात ना, त्याच्यातली जास्मिन म्हणजे आपला मोगराच. जाई नाही, जुई नाही, चमेली नाही. वनस्पतीशास्त्रात त्याला जास्मिनम साम्बॅक म्हणतात आणि मदुराईची जी प्रसिद्ध मल्ली आहे, जिला २०१३ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ती पण हीच जात. चीनमध्ये फुजियान प्रांतात फुझौ म्हणून शहर आहे, तिथे हा चहा शेकडो वर्षं होतो, आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने तिथल्या ह्या मोगरा-चहाच्या शेतीला जागतिक वारसा पद्धतींच्या यादीत घेतलं. म्हणजे लातूरच्या गच्चीत तांदळाच्या पाण्यावर वाढणारं फूल आणि तिकडचं वारसावालं फूल एकाच घरातलं.

त्यांची पद्धत वाचली तेव्हा मला सगळ्यात आवडलं ते हे, की फूल चहात रहातच नाही. कळ्या दुपारी तोडतात, फुगलेल्या पण मिटलेल्या. मोगरा उमलतो संध्याकाळनंतर, आणि उमलताना वास सोडतो, आधी नाही. त्या वेळेला कळ्या आणि कोरडी चहाची पानं एकत्र ढीग करून ठेवतात. कोरडा चहा शेजारचा वास ओढून घेतो (ज्यांनी कधी पत्तीचा पुडा हिंगाच्या डबीशेजारी ठेवलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको). ढिगात फुलांची ऊब वाढते, जास्त तापलं की पसरवून गार करतात, परत एकत्र करतात, आणि सकाळी फुलं चाळून बाजूला. फुलांचं पाणी चहात उतरलेलं असतं म्हणून चहा वाळवतात. चांगल्या मालाला हे सगळं परत नव्या कळ्यांनी, परत रात्रभर, असं कितीतरी वेळा. एका चहासाठी इतक्या रात्री! आणि आपण दोन उकळ्यात उरकायला निघतो.

घरी हे करता येतं आणि मराठवाड्यात तर फारच सोपं आहे कारण वाळवणं हा जो त्रासाचा भाग आहे तो मे महिन्यात आपोआप होतो, हवा इतकी कोरडी असते की पापड दुपारपर्यंत कडक होतात तिथं चहाची काय कथा. संध्याकाळी सहा-साडेसहाला कळ्या तोडायच्या, पांढऱ्या झालेल्या, टपोऱ्या, पण तोंड उघडलेलं नाही अशा. हिरवट असतील त्या ठेवून द्या, त्या उमलतच नाहीत. धुवायच्या नाहीत, नुसत्या झटकायच्या, मुंग्या असतात. देठाकडचा हिरवा भाग काढून टाकला तर उत्तम. मग स्टीलचा डबा, स्वच्छ, ज्याला आधीचा लोणच्याचा किंवा मसाल्याचा वास नाही असा, हे फार महत्त्वाचं आहे आणि आपल्या घरात असा डबा सापडणं हेच अर्धं काम आहे. चार-पाच चमचे चहा, वर वीसेक कळ्या, परत चहाचा थर, झाकण अगदी घट्ट नको. मध्ये एकदा झोपायच्या आधी हलवायचा. सकाळी उघडला की कळ्या उमलून पिवळट, मरगळलेल्या दिसतात आणि चहाला हात लावला तर किंचित दमट. फुलं वेचून काढा, चहा ताटात पसरून फॅनखाली ठेवा, उन्हात नको, उन्हात ठेवला की जे कमावलं ते गेलं. पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात भरला तर बुरशी येते. आणि मग संध्याकाळी परत नव्या कळ्या.

चहा कोणता घ्यायचा? आपली रोजची पत्ती म्हणजे सीटीसी, दाणेदार. ते यंत्र १९३० च्या सुमाराला आसाममध्ये निघालं, पान चुरडा, फाडा, वळा असं त्याचं काम, आणि ते कशासाठी तर पटकन कडक रंग उतरावा म्हणून. दुधाच्या चहाला ते एकदम बरोबर, पण मोगऱ्याच्या बाबतीत सीटीसी म्हणजे कीर्तनात डीजे. वास लागतो त्याला, नाही असं नाही, पण पत्तीच एवढी ओरडते की मोगरा ऐकू येत नाही. ग्रीन टीला वास सुंदर लागतो पण दुधात तो पाणचट होतो, गवत टाकल्यासारखं लागतं. मला जमलं ते निलगिरीच्या लांब पानाच्या काळ्या चहावर. आसामचा लांब पानाचा पण चालेल. लातूरला गंजगोलाईत विचारलं तर दुकानदार आधी आपल्याकडे बघतो आणि मग म्हणतो, ताई ही पत्ती दुधात कडक होत नाही बरं का. माहितीये दादा, द्या.

आता दूध, आणि इथं खरं भांडण आहे.

घट्ट, मलईदार चहा ही काही कॅफेवाल्यांनी आणलेली गोष्ट नाही. आपण मराठवाड्यातले लोक १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, आणि हैदराबादी चहाची सवय काही पोलीस ॲक्शनने गेली नाही. इराणी हॉटेलातली पद्धत काय, तर पत्तीचं पाणी वेगळ्या भांड्यात झाकून दमावर, दूध वेगळं आटत ठेवलेलं, आणि कपात दोन्ही एकत्र. वरून सायीचा तुकडा. आमच्या शेजारच्या खाला अजून असाच करतात, त्यांच्याकडे चहा आणि दूध हे कपात यायच्या आधी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मी फुलांचं काहीतरी करतेय म्हणल्यावर त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि भगुन्यात डोकावून म्हणल्या, "फूलां बाद में डाल गे, पैले दूध तो ठीक से होने दे." आणि ह्यात त्यांचं अर्धं बरोबर होतं.

वेगळं करण्याचं बरोबर होतं. पत्तीत जो तुरटपणा असतो, टॅनिन, त्याला दुधातलं प्रोटीन, केसीन, धरून ठेवतं, म्हणून दूध घातलं की चहा जिभेला मऊ लागतो. पण पत्ती दुधातच उकळली तर आपल्याला कळतच नाही किती उतरलंय, आणि आपण उकळत रहातो. वेगळा कोरा चहा केला की हात आपल्याकडे रहातो. पाण्याला उकळी आणायची, गॅस बंद, मिनिट-दोन मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग वास दिलेली पत्ती घालून झाकण, चार मिनिटं, आणि लगेच गाळायचं. एका कपाला अर्धा कप पाणी आणि पत्ती मात्र नेहमीपेक्षा जास्त, दीड-दोन चमचे, कारण पुढे दूध येणार आहे. पिळायची नाही गाळणी चमच्याने दाबून! ही सवय सगळ्या घरात आहे, शेवटचा थेंब पण सोडायचा नाही, आणि त्या शेवटच्या थेंबातच सगळा कडूपणा असतो.

अर्धं चुकीचं होतं ते आटवण्याचं. दूध आटवलं की त्याला स्वतःचा एक वास येतो, बासुंदीचा, खव्याच्या अलीकडचा. इराणी चहाला तोच पाहिजे असतो. पण मोगऱ्यापुढे तो वास उभा राहिला की मोगरा हरला, सरळ हरला. म्हणून मलई पाहिजे पण आटवलेला वास नको, असं हे कोडं आहे. म्हशीचं दूध घ्या, त्याच्यात स्निग्धांश सात टक्क्यांच्या आसपास असतो, गाईच्या दुधात चारच्या आसपास. देवणी गाय आमच्याच जिल्ह्यातली, तिचा अभिमान आहेच, पण ह्या कामाला म्हैसच. रतिबाचं दूध आलं की ते एकदा नीट उकळायचंच, त्यात हयगय नाही, पण उकळून गार करून फ्रीजमध्ये ठेवायचं. रात्री त्यातलं कपभर गार दूध आणि दोन चमचे साय एका वाटीत घेऊन त्यात सात-आठ मोगऱ्याची फुलं टाकून झाकून फ्रीजमध्ये. फुलाचा वास हा तेला-तुपात पाण्यापेक्षा लवकर विरघळतो, म्हणून साय त्याला धरून ठेवते, जुन्या काळी युरोपात चरबीच्या थरावर फुलं पसरून असाच वास काढायचे. सकाळी फुलं काढा. राहिली तर दूध कडवट लागतं.

मग त्या दुधात एक चमचा दुधाची पावडर गुठळी न होता मिसळायची, ही माझी चोरवाट आहे, आटवल्याशिवाय घट्टपणा येतो. आणि मंद गॅसवर गरम करायचं, उकळायचं नाही, बोट क्षणभर टिकतं आणि मग पटकन काढावंसं वाटतं इतपत, साधारण साठ डिग्री. ह्याच तापमानाला फेस पण चांगला धरतो. ते बॅटरीवालं फ्रॉथर ऑनलाईन मिळतं, घ्यायचं तर घ्या, पण ताकाची लाकडी रवी दोन तळहातात फिरवली तर तसाच फेस येतो, फक्त भांडं उभट पाहिजे आणि रवीला आधी ताकाचा वास नाही ना ते हुंगून बघा. कपात आधी कोरा चहा, त्यावर दूध कडेने, शेवटी फेस. साखर पांढरी किंवा खडीसाखर. गूळ नको. गुळाचा चहा मला जीव की प्राण आहे पण तो इथं नको. विलायची नको. अद्रक तर अजिबात नको, एक तर वास, आणि दुसरं म्हणजे न उकळत्या दुधात कच्चं अद्रक पडलं की त्यातला एक पाचक घटक दूध फाडतो.

पहिला घोट घेतला की आधी काही कळत नाही. मलई कळते, साखर कळते. मोगरा येतो तो गिळल्यावर, नाकाच्या मागून, आणि थोडा वेळ तिथंच रेंगाळतो. सासूबाईंनी बशीत ओतून घेतला, फुंकर घालून प्यायला, आणि म्हणल्या, "च्या बरा हाय, पन फुलं देवाला वाह्यची सोडून ह्ये काय करूलालीस?" मी म्हणलं, सकाळी उरलेली फुलं देवाला नाही चालणार का? त्यांनी असं बघितलं की मी विषय बदलला.

गुलाबाचं मात्र वेगळं आहे. गुलाबाच्या वासातला एक मोठा भाग पाण्यात बऱ्यापैकी उतरतो, म्हणून तर गुलाबजल होतं आणि मोगराजल कुणी पूजेच्या दुकानात विचारत नाही. त्यामुळे सुकवलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या गरम पाण्यात पत्तीबरोबर झाकून ठेवल्या तरी चालतं. देशी म्हणजे तो गुलाबी, विस्कटलेला, चार दिवस पण न टिकणारा गावठी गुलाब, गुलकंदाचा. पुष्पगुच्छातला लालभडक लांब देठाचा नाही, त्याला वास नसतो आणि औषधं मात्र भरपूर असतात. गुलकंद घालायचा तर कपात, शेवटी, अर्धा चमचा. लॅव्हेंडर ऑनलाईन मागवतात हल्ली लोक, चिमूटभर ठीक, जास्त झालं की सरळ आंघोळीचा साबण प्यायल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा अर्ल ग्रे घ्या, त्याच्यात इटलीतल्या बर्गामोट नावाच्या लिंबाच्या सालीचं तेल असतं आणि लॅव्हेंडरमधला वासाचा घटक त्यातही आहे, लिनलूल म्हणतात त्याला. व्हॅनिला घालून त्याचा जो दुधाचा चहा होतो त्याला कॅनडात लंडन फॉग म्हणतात, लंडनशी त्याचा संबंध नावापुरता.

गोकर्णीचा निळा चहा हा निव्वळ फोटोचा प्रकार आहे. वास नाही, चव नाही, दूध घातलं की फिकट निळा, पाटीवरच्या पुसट शाईसारखा दिसतो. ज्यांना स्टेटस ठेवायचाय त्यांनी करावा. अंबाडीच्या लाल बोंडांचा चहा छान होतो पण कोरा, दूध घातलं की आंबटपणाने फाटतं. आणि वास आहे म्हणून कुठलंही फूल कपात टाकायचं नाही, हे पोरांना आवर्जून सांगा. कण्हेर, लाल असो पिवळी असो, विषारी आहे, आणि आपल्याकडे ती प्रत्येक देवळाच्या कुंपणाला असते. अत्तर पण चहात नाही, ते कितीही खरं असलं तरी अंगाला लावायचं असतं. गुलाबजल घेताना बाटलीवर खाण्याचं आहे का चेहऱ्याला लावायचं ते वाचा.

मध्ये संभाजीनगरला गेलो होतो तेव्हा पोरीच्या आग्रहाने एका कॅफेत फ्लोरल मिल्क टी घेतला. काच, वेली, निऑनची पाटी, सगळं होतं. कपाची किंमत वाचून नवऱ्याने मेनूकार्ड उलटं करून बघितलं की मागे अजून काही फुकट आहे का. चहा आला गुलाबी, वर वाळक्या पाकळ्या, आणि घोट घेतला तर रसना. सिरप होतं. काउंटरवर बाटलीच दिसत होती. माझी तक्रार सिरपबद्दल एवढी नाही, लग्नातल्या दूध-कोल्ड्रिंकला पण आपण तेच घालतो आणि आनंदाने पितो. पण वर त्या पाकळ्या कशाला? त्या दाताला चिकटतात, आणि ज्या गोष्टीचा वास कपात नाही ती दाखवायला ठेवायची, हे जरा जास्तच झालं. फुझौच्या लोकांनी फूल काढून टाकलं आणि वास ठेवला, इथं फूल ठेवलं आणि वासाचा पत्ता नाही. पोरीला आवडला पण. तिने फोटो काढले, अर्धा प्यायला, उरलेला मी.

जूनमध्ये दोन पाऊस झाले की मोगऱ्याचा बहर ओसरायला लागतो, म्हणून मे महिन्यातच जेवढा जमेल तेवढा चहा करून काचेच्या बरणीत भरून ठेवते, बरणी काळ्या पिशवीत, पिशवी धान्याच्या कोठीच्या मागे. महिना-दोन महिने वास चांगला रहातो, नंतर हळूहळू विरतो, आषाढात उघडली तर अजून कळतो, श्रावणात मात्र सांगावं लागतं की हा मोगऱ्याचा आहे. खाला म्हणतात साखर दुधात आधीच घालायची, फेस जाड येतो. मी म्हणते कपात, ज्याची त्याला. फेस त्यांचा खरंच जाड येतो, पण मला अर्धा चमचाच लागते आणि त्यांना तीन, त्यामुळे दुधाची भांडी आता दोन झालीत.